विष नसलेली विषवेल

दुसरे महायुद्ध ऐन भरात होते. अमेरिकन सैन्याच्या तुकड्या भारतात येऊन दाखल झाल्या होत्या. त्यांतील काही सैनिक एक चमत्कारिक तक्रार घेऊन लष्करी डॉक्टरांकडे येऊ लागले. कोणाच्या मानेवर, सदऱ्याची कॉलर टेकते तेथे, तर कोणाच्या कमरेशी लालभडक चट्टा उठलेला असे. त्याला विलक्षण खाज सुटे आणि त्यावर पाण्याने भरलेले फोड येत. चट्टा जेथे असे, नेमक्या त्याच जागी कपड्यावर एक छोटी काळी खूण असे. ती होती धोब्याची खूण! कोणाचे कपडे कोणते, हे ओळखता यावे म्हणून त्या काळी आपल्याकडचे परीट बिब्ब्याच्या रसाने कपड्यांवर खुणा करीत. ही खूण कितीही धुतली तरी जात नसे. सैनिकांच्या या विकाराची हकीकत डॉक्टरांनी १९४३ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात प्रसिद्ध केली.

बिब्बा हे काय प्रकरण आहे, हे त्या तरुणांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते. पण बिब्ब्याशी जवळचे नाते असलेली एक वेल मात्र अमेरिकेत वाढलेल्या बहुतेक मुलांच्या परिचयाची असते. शाळेच्या कुंपणावर, नदीकाठी, रानवाटेवर, घराच्या परसात ती कोठेही उगवते. तिचे नाव पॉयझन आयव्ही, म्हणजे विषवेल. तिला हात लावला की एक-दोन दिवसांत अंगावर फोड उठतात, हे तिथल्या मुलांना फार लवकर शिकावे लागते.

गंमत अशी, की या विषवेलीत नेहमीच्या अर्थाने विष नाहीच! मग फोड येतात ते कशाने? आणि अमेरिकेतील वेलीचा आपल्या बिब्ब्याशी, काजूशी, इतकेच काय, आंब्याशीही काय संबंध? विद्यार्थी मित्रहो, या प्रश्नांची उत्तरे शोधू लागलो, की आपल्या शरीराच्या एका अजब यंत्रणेपर्यंत आपण जाऊन पोहोचतो.

तीन पानांची वेल

विषवेलीचे शास्त्रीय नाव टॉक्सिकोडेंड्रॉन रॅडिकॅन्स. टॉक्सिकोडेंड्रॉन म्हणजे विषवृक्ष आणि रॅडिकॅन्स म्हणजे मुळे फुटणारी. झाडाच्या खोडावर चढताना या वेलीला केसांसारखी असंख्य मुळे फुटतात आणि जुनी वेल एखाद्या केसाळ दोरखंडासारखी दिसू लागते. आधार मिळाला नाही तर ती झुडपासारखी वाढते किंवा जमिनीवर पसरते. कॅनडाच्या दक्षिण भागापासून मेक्सिकोपर्यंत, विशेषतः उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागात, ती विपुल आढळते. पॅसिफिक महासागराच्या किनाऱ्याकडे तिची बहीण पॉयझन ओक वाढते, तर दलदलीच्या जागी पॉयझन सुमॅक हे झुडूप आढळते. तिघींचा उपद्रव सारखाच.

विषवेल ओळखण्याची मुख्य खूण म्हणजे तिचे पान. आपल्या पळसाप्रमाणे तिच्याही एका देठावर तीन पर्णिका असतात. मधल्या पर्णिकेचा देठ लांब असतो, तर बाजूच्या दोघींचे देठ अगदी आखूड. वसंतात कोवळी पाने तांबूस, उन्हाळ्यात हिरवीगार आणि शरदात लालबुंद होतात. फळे लहान, पांढुरकी आणि घोसात लागणारी. पक्षी ती आवडीने खातात आणि त्यांच्या विष्ठेतून बिया दूरवर पसरतात. हरणे आणि शेळ्या हा पाला खुशाल खातात. त्यांना काही होत नाही. त्रास होतो तो मुख्यतः माणसाला.

इंग्लंडहून अमेरिकेत गेलेल्या कॅप्टन जॉन स्मिथ याने १६२४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात या वनस्पतीची नोंद केली आहे. ती इंग्लंडमधल्या आयव्हीसारखी दिसते, तिच्या स्पर्शाने अंग लाल होते, खाज सुटते, फोड येतात, पण काही काळाने ते आपोआप बरे होते, असे त्याने लिहिले. ‘आयव्ही’ हे नाव पडले ते या दिसण्यावरून. खऱ्या आयव्हीचे कुल अगदी वेगळे आहे. विषवेलीचे कुल म्हणजे आपल्या आंब्याचे कुल, आम्रकुल!

तेल एक, नाव जपानी

विषवेलीच्या पानांत, खोडात, मुळांत आणि फळांच्या सालीतही बारीक नलिका असतात. त्यांतून एक तेलकट चीक वाहत असतो. नुसत्या पानाला बोट लागून काही होत नाही. पण पान चुरगळले, किड्याने कुरतडले किंवा वाऱ्याने फाटले, की चीक बाहेर येतो. पाने इतकी नाजूक, की धडधाकट पान सापडणे कठीणच. म्हणून तिला हात न लावणे हेच बरे. हिवाळ्यात पाने गळून जातात, पण खोडातला आणि मुळांतला चीक तसाच राहतो.

या चिकातील उपद्रवी द्रव्याचे नाव आहे उरुशिऑल. अमेरिकन वेलीतील द्रव्याला हे जपानी नाव कसे मिळाले? जपान आणि चीन या देशांत लाखकामाची कला फार जुनी आहे. लाकडी वाट्या, पेट्या, तबके यांवर तेथील कारागीर एका झाडाच्या चिकाचा लेप देतात. हा लेप वाळला की काळाभोर, चकचकीत आणि टणक होतो. या चिकाला जपानी भाषेत ‘उरुशी’ म्हणतात. उरुशीचे झाड विषवेलीच्याच प्रजातीचे आहे आणि या कामात नव्याने शिरणाऱ्या कारागिराच्या हातांवर तसेच फोड येतात. हा चीक हवेत कडक कसा होतो, याचा शोध हिकोरोकुरो योशिदा या जपानी रसायनशास्त्रज्ञाने १८८३ साली घेतला आणि चिकातील एका विकराचे, म्हणजे एन्झाइमचे, हे काम असल्याचे दाखवले. पुढे विसाव्या शतकाच्या पहिल्या पंचवीस वर्षांत रिको माजिमा यांनी उरुशिऑलची रासायनिक रचना उलगडली.

ही रचना समजायला अवघड नाही. एक डोके आणि एक लांब शेपूट अशी कल्पना करा. डोके म्हणजे कॅटेचॉल नावाचे सहा कार्बन अणूंचे कडे आणि त्यावर शेजारी शेजारी बसलेल्या हायड्रॉक्सिलच्या दोन जोड्या. शेपूट म्हणजे कार्बन अणूंची सरळ साखळी. विषवेलीत ती १५ कार्बन अणूंची, तर पॉयझन ओकमध्ये बहुतांशी १७ अणूंची असते. शेपूट तेलकट असल्यामुळे हा रेणू पाण्यात विरघळत नाही, पण कातडीच्या स्निग्ध थरात सहज शिरतो. आणि एकदा आत शिरला, की त्याचे डोके आपले काम सुरू करते.

पहारेकऱ्याची गफलत

तीव्र आम्ल कातडीवर सांडले तर ते कोणाचीही कातडी जाळते. साप चावला तर त्याचे विष लहान-थोर सर्वांना बाधते. उरुशिऑलचे तसे नाही. आयुष्यात प्रथमच विषवेलीला हात लावणाऱ्या माणसाला त्या दिवशी काही होत नाही, दुसऱ्या दिवशीही बहुधा काही होत नाही. काही माणसांना तर जन्मभर ती बाधत नाही. म्हणजे इजा करणारा केवळ तो रेणू नव्हे, इजा करणारे आणखी कोणी तरी आहे.

ते कोण, हे पाहू. कातडीत शिरलेल्या उरुशिऑलच्या डोक्याचे ऑक्सिडीकरण होते आणि ते फार क्रियाशील बनते. लगेच ते आपल्या कातडीतील प्रथिनांना जाऊन चिकटते. प्रथिन आपलेच, पण त्याला परका रेणू चिकटल्याने त्याचे रूप बदलते. कातडीत फांद्या फुटल्यासारख्या आकाराच्या काही पेशी असतात. १८६८ साली पाउल लांगरहान्स या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने बर्लिनमध्ये त्या प्रथम पाहिल्या. तेव्हा तो अवघा एकवीस वर्षांचा होता. त्याला वाटले, या मज्जातंतूंच्या पेशी असाव्यात. आज आपल्याला ठाऊक आहे, की या पेशी म्हणजे शरीराच्या वेशीवरचे पहारेकरी आहेत. कोणी परका आत शिरला, की त्याचा नमुना घेऊन त्या जवळच्या लसिका ग्रंथीकडे जातात आणि तेथील लसिकापेशींना तो दाखवतात.

लसिकापेशी या शरीराच्या सैनिक पेशी. प्रत्येकीला एकेकच विशिष्ट खूण ओळखता येते. ज्यांना हा नमुना ओळखू येतो त्यांची संख्या झपाट्याने वाढू लागते. हे सैन्य तयार व्हायला साधारण एक ते तीन आठवडे लागतात. म्हणून पहिल्या भेटीत फोड आलेच, तर ते इतक्या उशिरा येतात. पण सैन्य एकदा तयार झाले, की त्यांतील काही पेशी स्मृतिपेशी म्हणून वर्षानुवर्षे शरीरात राहतात. पुन्हा कधी उरुशिऑल अंगाला लागले, की त्या धावून येतात आणि १२ ते ४८ तासांत कातडीवर लढाई जुंपते. ज्या पेशींच्या प्रथिनांना उरुशिऑल चिकटले आहे, त्या आपल्याच पेशींवर हे सैनिक तुटून पडतात. रक्तवाहिन्या रुंदावतात, म्हणून कातडी लाल होते. त्यांतून द्रव झिरपतो, म्हणून सूज आणि फोड येतात.

उरुशिऑल स्वतः फारसे नुकसान करीत नव्हते. ते तसेच सोडून दिले असते, तर कातडीच्या वरच्या थराबरोबर झडून गेले असते. पण पहारेकऱ्याने त्याला जंतूसारखा शत्रू समजून तोफखाना बोलावला! अशा अनाठायी प्रतिकारालाच आपण अॅलर्जी म्हणतो.

पित्त उठणे वेगळे, हे वेगळे

काही जणांना विशिष्ट पदार्थ खाल्ल्यावर थोड्याच वेळात अंगावर पित्त उठते. मधमाशी चावल्यावर एखाद्याला काही मिनिटांत धाप लागते. हीदेखील अॅलर्जीच, पण ती रक्तद्रवातील प्रतिपिंडांमुळे होते आणि तत्काळ दिसते. विषवेलीची अॅलर्जी दिवस-दोन दिवसांनी दिसते. हा फरक का?

याचे उत्तर १९४२ साली कार्ल लँडस्टायनर आणि मेरिल चेस यांच्या प्रयोगांतून मिळाले. हे लँडस्टायनर म्हणजे मानवी रक्तगटांच्या शोधाबद्दल १९३० चे नोबेल पारितोषिक मिळवणारे शास्त्रज्ञ. त्यांनी एका रसायनाच्या स्पर्शाची अॅलर्जी असलेले गिनिपिग घेतले. त्यांच्या शरीरातील पेशी काढून, अॅलर्जी नसलेल्या गिनिपिगांना टोचल्या. तेव्हा त्या दुसऱ्या प्राण्यांनाही अॅलर्जी जडली! नुसता रक्तद्रव टोचून मात्र हे साधत नव्हते. म्हणजे ही अॅलर्जी प्रतिपिंड नव्हे, तर पेशी वाहून नेतात. पेशींना जागेवर पोहोचायला, संख्येने वाढायला वेळ लागतो, म्हणून ती उशिरा प्रकट होते.

या फरकाला व्यवहारात महत्त्व आहे. पित्त उठल्यावर ज्या गोळीने चटकन उतार पडतो, त्या गोळीचा विषवेलीच्या फोडांवर फारसा उपयोग होत नाही. कारण ती गोळी हिस्टामीन या द्रव्याला अडवते आणि येथे मुख्य काम हिस्टामीनचे नसतेच.

या विषयाचा शोध अद्याप संपलेला नाही. उरुशिऑलसारखा तेलकट रेणू सैनिक पेशींना दाखवण्याच्या कामी सीडी-१ए नावाचे प्रथिन भाग घेते, असे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. उंदरांमध्ये हे प्रथिन नसते. म्हणून शास्त्रज्ञांनी माणसाचे सीडी-१ए असलेले खास उंदीर तयार करून त्यांच्यावर हे प्रयोग केले.

आम्रकुलातील भाऊबंद

आता सुरुवातीच्या धोब्याच्या खुणेचा उलगडा होऊ शकेल. बिब्ब्याच्या रसातील द्रव्ये आणि विषवेलीचे उरुशिऑल यांची रचना जवळजवळ सारखी आहे. तेच कॅटेचॉलचे डोके, तीच लांब शेपूट. सैनिक पेशीला माणसांसारखे नाव-गाव कळत नाही, ती फक्त आकार ओळखते. म्हणून एका भावाशी झालेले वैर दुसऱ्या भावाच्या वाट्याला येते. अमेरिकेत विषवेलीने ज्याच्या शरीरात स्मृतिपेशी तयार केल्या असतील, त्याला बिब्बा पहिल्याच भेटीत बाधू शकतो!

असेच एक प्रकरण १९८२ च्या एप्रिल महिन्यात अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात घडले. मुलांच्या बेसबॉल संघांच्या मदतीसाठी काजूगरांची पाकिटे विकण्यात आली होती. ते काजू खाल्ल्यावर ५४ जणांच्या अंगावर विषवेलीसारखे पुरळ उठले. तपास केला तेव्हा पाकिटांत काजूच्या टरफलांचे तुकडे सापडले. काजूगर निर्दोष होते, दोष टरफलातील तेलाचा होता.

हे तेल कोकणात आणि गोव्यात कोणाला ठाऊक नाही? पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलमधून काजू भारतात आणला. ओले काजूगर सोलताना हातांची सालटे निघतात, म्हणून बायका आधी हाताला खोबरेल चोपडतात किंवा राख लावतात. काजूचे टरफल दुहेरी असते आणि दोन कवचांच्या मधल्या जाळीत दाहक तेल भरलेले असते. हे तेल आणि बिब्ब्याचा रस यांचा आणखी एक दुर्गुण असा, की ते भरपूर लागले तर अॅलर्जी नसलेल्याची कातडीही भाजते.

आंब्याच्या देठाशी जो चीक असतो, त्यातही उरुशिऑलची दूरची भावंडे असतात. आंबे खाताना चीक ओठाला लागून तोंड उतल्याचे तुमच्यापैकी काहींनी पाहिले असेल. याबाबत एक मोठी मनोरंजक नोंद २००५ साली प्रसिद्ध झाली. इस्रायलमध्ये सुट्टीच्या शिबिरात काही अमेरिकन तरुण-तरुणी आंबे तोडण्याचे काम करीत होते. त्यांच्यापैकी १७ जणांच्या अंगावर पुरळ उठले. त्यांच्याच बरोबरीने आंबे तोडणाऱ्या इस्रायली सोबत्यांना काहीच झाले नाही. झाडे तीच, चीक तोच! फरक एवढाच, की हे अमेरिकन तरुण विषवेल वाढते अशा प्रदेशातून आले होते. इस्रायली मुले मात्र लहानपणापासून आंबा खात आलेली. लहान वयात पोटातून झालेल्या ओळखीमुळे शरीर आंब्याला परका मानत नसावे, असा तर्क संशोधकांनी मांडला.

आपल्याकडे विषवेल वाढत नाही, पण तिच्या प्रजातीची काही झाडे हिमालयाच्या उतारांवर आहेत. सह्याद्रीच्या दाट रानात होलिगार्ना या प्रजातीचे वृक्ष आहेत. त्यांचा काळा पडणारा चीकही अंगावर फोड आणतो. आणि बिब्बा तर महाराष्ट्राच्या पानझडी रानांत सर्वत्र आढळतो. बिब्ब्याचा रस लागून अंग सुजते तेव्हा आपण ‘बिब्बा उतला’ म्हणतो आणि चालत्या कामात कोणी मोडता घातला तर त्याने ‘बिब्बा घातला’ म्हणतो. या बोलण्यात अनेक पिढ्यांचा अनुभव साठलेला आहे. पायात काटा मोडला की बिब्ब्याचा चटका देण्याची चाल खेड्यांतून आहे. त्या चटक्याने कातडी भाजल्याची, सर्वांगावर पुरळ उठल्याची उदाहरणे डॉक्टरांपुढे येतात. आयुर्वेदातही बिब्बा शुद्ध केल्याशिवाय वापरू नये, असे सांगितले आहे. म्हणून असे घरगुती प्रयोग कधीही करू नयेत.

धूर सर्वांत वाईट

विषवेलीच्या फोडांनी सहसा कोणी दगावत नाही. दोन-तीन आठवड्यांत कातडी पूर्ववत होते. खरा धोका असतो तो वेल जाळण्यात. परस साफ करताना उपटलेल्या वेलींचा ढीग पेटवून द्यावा, असे कोणालाही वाटेल. पण उरुशिऑल धुराच्या कणांवर बसून हवेत पसरते. हा धूर श्वासाबरोबर आत गेला, तर जी लढाई कातडीवर होते ती श्वासनलिकेत आणि फुप्फुसांत होते. तेथे सूज आली, तर प्राणाशी गाठ पडते. वणवे विझवणाऱ्या जवानांना अमेरिकेत याबाबत मुद्दाम सावध करण्यात येते. आपल्याकडे काजूची टरफले चुलीत जाळताना निघणारा धूरही डोळ्यांना आणि घशाला फार झोंबतो. त्या धुरात बसू नये.

काही समजुती आणि सत्य

‘फोड फुटले की त्यातल्या पाण्याने रोग पसरतो.’ हे खरे नाही. फोडांतील पाणी आपल्याच शरीराचे असते, त्यात उरुशिऑल नसते. ज्याला फोड आले आहेत त्याच्यापासून दुसऱ्याला लागण होत नाही.

‘पण पुरळ रोज नव्या जागी उठते, ते कसे?’ मनगटाच्या आतली कातडी पातळ असते, तेथे तेल लवकर शिरते. जेथे कातडी जाड आहे किंवा तेल कमी लागले आहे, तेथे फोड उशिरा येतात. शिवाय नखांत, कपड्यांवर, जोड्यांवर, कोयत्याच्या मुठीवर राहिलेले तेल पुन्हापुन्हा अंगाला लागत असते. कोरड्या जागी पडलेल्या वस्तूंवर ते कितीतरी महिने, कधी वर्षेही टिकते. कुत्र्याला त्याच्या केसांमुळे सहसा त्रास होत नाही, पण त्याच्या अंगावरचे तेल त्याला कुरवाळणाऱ्या मुलाला लागते.

‘मला पूर्वी काही झाले नाही, म्हणून पुढेही होणार नाही.’ ही समजूत फसवी आहे. पहिल्या काही भेटींत सैन्य तयार होत असते. ते केव्हा पुरे होईल, हे सांगता येत नाही. अमेरिकेत निम्म्याहून अधिक लोकांना विषवेल बाधते. फार हळव्या माणसाच्या बाबतीत, एका ग्रॅमचे दहा लाख भाग केले तर त्यांतले दोन-तीन भाग उरुशिऑलही फोड आणायला पुरते.

‘थोडी थोडी पाने खाल्ली, तर सवय होते.’ हा समज तर घातकच! असे करणाऱ्यांच्या तोंडापासून गुदद्वारापर्यंत दाह झाल्याची उदाहरणे आहेत.

अंगाला चीक लागला तर

विषवेल असो, बिब्बा असो वा काजूचे तेल असो, पहिला उपाय एकच: ताबडतोब धुणे. उरुशिऑल कातडीतील प्रथिनांना चिकटायला फार वेळ लावत नाही. पहिल्या दहा मिनिटांत धुतले तर बराच फायदा होतो. अर्ध्या तासाने तो फारच थोडा उरतो. नुसत्या पाण्याने तेल निघत नाही, म्हणून साबण आणि भरपूर पाणी वापरावे. नखेही घासावीत. कपडे वेगळे धुवावेत आणि हत्यारे, चपला पुसून घ्याव्यात.

फोड आलेच, तर ते फोडू नयेत व खाजवू नये. फोड नखांनी उघडे झाले, तर त्यांत जंतू शिरून पू होतो. थंड पाण्याच्या घड्या ठेवाव्यात. कॅलामाइनसारखे लोशन लावल्याने खाज कमी होते. चेहरा किंवा डोळे सुजले, अंगाचा मोठा भाग व्यापला, ताप आला किंवा फोडांत पू झाला, तर डॉक्टरांकडे जावे. तीव्र विकारात डॉक्टर स्टेरॉइड गटाची औषधे देतात. ती प्रतिकार करणाऱ्या पेशींचा उतावळेपणा आवरतात. ती डॉक्टरांनी सांगितलेल्या मुदतीपर्यंतच आणि तितके दिवस पुरती घ्यावी लागतात. मध्येच सोडली, तर पुरळ उलटते. धूर छातीत गेला आणि श्वास घेणे कठीण झाले, तर क्षणही न दवडता रुग्णालय गाठावे.

बदलत्या हवेची वेल

शेवटी एक ताजा धडा. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना राज्यात ड्यूक विद्यापीठाचे एक संशोधन-वन आहे. तेथे झाडांच्या काही वर्तुळाकार पट्ट्यांत नळ्यांनी कार्बन डायऑक्साइड सोडून, आणखी काही दशकांनी हवा जशी होईल तशी ती आजच करून ठेवण्याचा प्रयोग झाला. दर दहा लाख भागांत २०० भाग अधिक, असे हे प्रमाण होते. सहा वर्षे निरीक्षण करून जॅकलिन मोहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. जादा कार्बन डायऑक्साइडमध्ये विषवेलीच्या वाढीचा वेग दुपटीहून अधिक झाला. इतकेच नव्हे, तर तिच्या उरुशिऑलमध्ये अधिक दाहक प्रकाराचे प्रमाण वाढले. वेलीला स्वतःचे जाड खोड उभारावे लागत नाही, आधाराला दुसऱ्याचे झाड असते. म्हणून मिळालेला जादा कार्बन ती नव्या पानांत घालते आणि त्या पानांनी आणखी कार्बन मिळवते. कोळसा आणि तेल जाळून आपण हवेत जो वायू सोडतो, त्याचा फायदा कोणाकोणाला होणार आहे, याची ही एक चुणूक म्हणता येईल.

विद्यार्थी मित्रहो, पुढच्या सहलीला जाल तेव्हा आपल्या शिक्षकांबरोबर आम्रकुलातील झाडांची यादी करा. आंबा, काजू, बिब्बा, चारोळी, मोई ही नावे सहज सापडतील. त्यांची पाने, फुले, फळे दुरून न्याहाळा आणि वहीत चित्रे काढा. पण कोणत्याही अनोळखी झाडाचा चीक अंगाला लावून पाहू नका. आणि चुकून लागलाच, तर गोष्ट दडवून ठेवू नका: लगेच पाणी आणि साबण गाठा, आणि मग शिक्षकांना सांगा.